पँट घालायचा परवाना

बाई,

आठवीत असताना तुम्ही आम्हा चार मुलींना म्हशींची चित्रं काढायला वाणगावच्या एका तबेल्यात नेलं होतं. तबेलेवाला म्हणाला, "बाय, जरा लांब बसा, लात मारंल ती." तुम्ही उलट पुढे सरकलात. मला म्हशीचे पाय जमेनात, म्हणून मी चित्रात ती गवतात उभी केली. "इथे गवत कुठाय? जमत नाही ते झाकू नकोस," तुम्ही म्हणालात. मी रुसले. परतताना स्टेशनच्या बाकावर तुम्ही त्या फ्रेंच चित्रकर्तीची गोष्ट सांगितलीत. तिचं नाव मला तेव्हाही नीट उच्चारता आलं नाही. चित्रकार वडिलांनीच तिला शिकवलं. जनावराचं अंग कळावं म्हणून ती कत्तलखान्यात जाऊन बसायची, घोड्यांच्या बाजारात दीड वर्ष रेखाटनं करत फिरली. दीडशे वर्षांपूर्वी तिकडे बायकांना पँट घालायला बंदी, म्हणून तिने पोलिसांकडून रीतसर परवाना काढला. तोही दर सहा महिन्यांनी नवा घ्यावा लागे. त्या बाजाराचं तिचं भिंतभर चित्र जगभर गाजलं.

दहावीनंतर मला आयटीआयला जाऊन फिटर व्हायचं होतं. जळगावकडून इथे कारखान्यात आलेले पप्पा नाही म्हणाले. तुम्ही सरावलीला आमच्या खोलीवर आलात. पप्पा म्हणतात, "बाई, पँट घालून पोरांमध्ये उभी राहणार ती. गावाकडे काय सांगू?" तुम्ही कप खाली ठेवता आणि तीच गोष्ट सांगता, शांतपणे. "म्हणजे सरकारनं दिली परवानगी?" पप्पा विचारतात. "हो. हिला सरकारची नको, तुमची हवी." पप्पा आईला म्हणतात, "फॉर्म कुठंय?"

आता मी बोईसरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघते, हाताखाली सहा जण आहेत. चित्रं काढत नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मागच्या महिन्यात ते घोड्यांचं चित्र मोबाईलवर पाहिलं. उधळलेल्या घोड्यांमधून एक चेहरा सरळ आपल्याकडे बघतो. तो त्या चित्रकर्तीचाच असावा, म्हणतात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही पालघरच्या दवाखान्यात होतात तेव्हा मी पहिल्या पाळीवरून थेट आले होते. दाराशी तुमच्या घरच्या बायका बसल्या होत्या. माझ्या अंगावर कंपनीची पँट, गुडघ्यांना ग्रीस. मी जिन्यावरूनच मागे फिरले. दुसऱ्या दिवशी पंजाबी ड्रेस घालून आले, तर खाट रिकामी. आदल्या दिवशी सुट्टी मिळाली नाही म्हणून भेट हुकली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले.