पितृपक्षातला सल्ला

आई, तू जाऊन एकतीस वर्षं झाली आणि माझा तुझ्यावरचा राग अजून ताजा आहे, हे आधीच सांगून टाकते. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही, आणि तो निवावा म्हणून मी काही केलंही नाही. साऱ्या गल्लीला सल्ले देणारी तू, मला माझ्या कामाचा असा सल्ला एकदाच दिलास. मीही तुला एकदाच दिला. त्या दोन सल्ल्यांचा निकाल आज लावायला बसले आहे, आणि तुला उलट बोलता येणार नाही, हे माझ्या सोयीचंच आहे. जिवंतपणी तुझ्यापुढे कुणाचं चाललं होतं?

काशीतलं आपलं घर म्हणजे अर्धी धर्मशाळाच. देशावरून यात्रेकरू येत, नाना त्यांचे उपाध्ये. स्नान, पिंड, गंगापूजन नानांकडे आणि जेवण तुझ्याकडे. पहाटे अंघोळ करून, दोरीवरचं धुतलेलं लुगडं काठीने ओढून नेसायचं आणि मग पंगत उठेपर्यंत कुणाला शिवायचं नाही. अशा सोवळ्यात तू चुलीपाशी, आणि उंबऱ्याबाहेर पाट टाकून ब्रह्मा घाटावरच्या निम्म्या बायका. शिवायचं नाही म्हणून हातभर लांब बसत, पण मनातलं सगळं तुझ्यापुढे ओतत. ताकाला जाऊन भांडं लपवणारीला तू पहिल्याच वाक्यात पकडायचीस. "स्पष्ट बोलते हं, बुरा मानू नकोस," एवढी प्रस्तावना, की पुढे एक घाव दोन तुकडे. "गॅसवरचा स्वयंपाक देवाला चालेल का हो, वहिनी?" "देवाला धूर आवडतो असं कुठल्या पोथीत लिहिलंय? गॅस घे, डोळे वाचव." शिलाई मशीन घेणारीला म्हणालीस, पायाची घे, हाताची घेशील तर एक हात कायमचा अडकून बसेल. वकिलांच्या बायकोला तोंडावर सांगितलंस, की मुलाला डॉक्टरकी झेपायची नाही, त्याला दुकानात बसव. ती डोळे पुसत गेली आणि चार वर्षांनी पेढे घेऊन आली. तुझा सल्ला चुकलेला मी पाहिलेला नाही. आपल्या चुलीवर मात्र शेवटपर्यंत लाकडंच होती, कारण यात्रेकरूंना गॅसवरचं चाललं नसतं. दिव्याखाली अंधार असतो तो असा.

माझं नोकरीचं पत्र आलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. इंटरला गणितात कॉलेजात पहिली आले होते, टेलिफोन खात्याची परीक्षा चोरून नव्हे, नानांना सांगून दिली होती. कानपूरच्या एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर. कढई घासताना मी कानाला हात लावून "नंबर प्लीज, नंबर प्लीज" म्हणायची आणि ताई लग्न होऊन सासरी गेल्यामुळे हसायला कुणी नव्हतं, म्हणून एकटीच हसायची. पत्रात रुजू व्हायची शेवटची तारीख होती आणि ती पडत होती भर पितृपक्षात. नाना म्हणाले, "तुझ्या आईला विचार." तू सोवळ्यात होतीस, कागदाला शिवणार नव्हतीस, म्हणून मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं पत्र मोठ्याने वाचलं. इंग्रजी होतं, तर एकेका ओळीचा मराठीत अर्थ सांगितला. तू केळीच्या पानावर वडा थापत होतीस. वर न बघता म्हणालीस, "पक्षात नवं काम सुरू करू नये, पोरी. पक्ष संपला की जा. सरकार काही आठ दिवसांत पळून जात नाही."

मी मानलं. का मानू नये? ज्या बाईचा सल्ला अख्खी गल्ली डोळे मिटून घेते, तिची मी मुलगी. त्या पक्षात रोज चाळीस-चाळीस पानं उठत होती. गंगा चढलेली, घाट पाण्याखाली, वरच्या पायऱ्यांवर खेटून पिंडदानं चाललेली, आणि घरात सोवळ्यात काम करणाऱ्या बायका दोनच, तू आणि मी. अमावास्या झाली, घट बसले आणि दुसऱ्याच दिवशी मी नानांबरोबर कानपूरला गेले. तिथला बाबू भला माणूस होता. फाईल उघडून म्हणाला, "बिटिया, तुम्हारी जगह तो अगले नंबर वाली को दे दी। तुम थीं कहाँ?" वडे तळत होते, हे त्याला हिंदीत कसं सांगायचं ते मला सुचेना. परतीच्या गाडीत नाना खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आल्यावर तू माझ्यापुढे ताट ठेवलंस आणि म्हणालीस, "पदरी पडलं ते पवित्र. जेव." तेव्हाही मला तुझा राग आला नाही. सरकारचा आला, पितरांचा आला, तुझा नाही. मूर्ख होते.

राग आला तो पुढच्या वर्षी. पुन्हा पक्षच चालू होता, मी तुझ्या शेजारी बसून आमसुलाची चटणी वाटत होते. पलीकडच्या गल्लीतल्या काकू धापा टाकत आल्या. त्यांच्या मुलाला मुगलसरायला रेल्वेत बोलावणं आलं होतं, दोन दिवसांत हजर व्हायचं होतं आणि घरातले म्हातारे म्हणत होते, की पक्षात कसा जाईल. तू झारा कढईवर आडवा ठेवलास. "स्पष्ट बोलते हं, बुरा मानू नका. पितर दोन घास मागतात, पोराची नोकरी नाही मागत. उद्याच्या गाडीने धाडा त्याला." काकू आशीर्वाद देत गेल्या. वरवंटा माझ्या हातात तसाच राहिला. मी हातभरावर होते, तुला ठाऊक होतं मी ऐकते आहे, आणि तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. झारा उचललास आणि वडे उलटायला लागलीस. तेव्हा लक्षात आलं, की माझ्या वेळी तू "स्पष्ट बोलते" म्हणालीच नव्हतीस. म्हणणार कशी? तुला दोन हात हवे होते. तेवढं सांगितलं असतंस ना आई, की पोरी, एवढे पंधरा दिवस मला टाकून जाऊ नकोस, मी मरते आहे या चुलीपाशी, तर मी रडले असते, भांडले असते, कदाचित थांबलेही असते. पण तू पितरांना पुढे केलंस. ते मी तुला कधी माफ केलं नाही.

त्या दिवसापासून उट्टं काढणं हा माझा उद्योग झाला. मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले तेव्हा पहिल्यांदा मिक्सर आणला. तू जपाला बसलीस, की मुद्दाम रिकामा फिरवायची. "यंत्राला सोवळं कळत नाही," तू म्हणालीस. "माणसाला तरी कुठं कळतं?" मी म्हणाले. दोन दिवस तू चटणीला शिवली नाहीस. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर मिक्सरचं भांडं धुऊन पालथं घातलेलं आणि त्याला ओल्या खोबऱ्याचा वास. चोर सापडल्याचा आनंद मला आठवडाभर पुरला. तू काही विचारलंस तर मी "तुला सगळं कळतं" एवढंच म्हणायची. बायका तुझ्याकडे येत राहिल्या. मी तुझ्या देखत त्यांना उलटं सांगायची आणि त्या माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघायच्या.

आता त्याच उंबऱ्यावर लोक मला विचारायला येतात. पाट गेले, खुर्च्या आल्या. कुठला फोन घ्यावा, कंप्युटरचा कुठला कोर्स करावा, घरी बसून काम मिळतंय ते धरावं की बंगळूरला जावं. परवा खालच्या बिऱ्हाडातली मुलगी बंगळूरचं विचारायला आली, तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणाले, "जा." ती हसली. "बुआ, पहले सुन तो लीजिए। उधर का काम मुझे पसंद ही नहीं है।" मी तरी जाच म्हणाले. हा सल्ला नव्हे, हे मला कळतं. मी तिच्याशी बोलतच नसते, तुझ्याशी बोलत असते. तुझ्याइतकं अचूक मला कधीच सांगता आलं नाही, हेही लिहून ठेवते, आणि ते लिहिताना दात खाते आहे.

आता माझा सल्ला. तू गेलीस त्या वर्षीच्या भाद्रपदात घाटाच्या पायऱ्यांवर दोनदा बसलीस ती उठेचनास. नाडी इतकी मंद, की मला मोजता मोजता मध्येच ती थांबली असं वाटे. इस्पितळातला डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होता. छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवायचं, ते हृदयाला ठोके देत राहील, तासाभराचं काम. "माताजी, देर मत कीजिए। मंगलवार को आ जाइए।" सायकल रिक्षातून परत येताना मैदागिनच्या गर्दीत आपण अडकलो होतो. तू बाजूचा दांडा घट्ट धरला होतास आणि माझ्याकडे वळून विचारलंस, "तुझं काय मत? बसवू ना?" उभ्या जन्मात पहिल्यांदा तू मला विचारत होतीस. मी रस्त्याकडे बघत म्हणाले, "मंगळवार पक्षात येतो. पक्षात शरीरात नवी वस्तू घालू नये. पक्ष संपला की जाऊ."

वाक्य तयार होतं, आई. सतरा वर्षं घासून ठेवलेलं. मला वाटलं होतं, तू चवताळून म्हणशील, की पितर दोन घास मागतात, माझा जीव नाही मागत. तू म्हणाली असतीस तर मी त्याच पावली रिक्षा वळवली असती, असं मी स्वतःला सांगत आले आहे. तू बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलंस. तुला समजलं, सगळं समजलं, कुठलं वाक्य कुठून आलं तेही. मग म्हणालीस, "बरं. पक्ष संपू दे." आणि रिक्षावाल्याला म्हणालीस, "चलो भैया।"

त्रयोदशीला सकाळी तू गेलीस. पितृपक्षात, काशीत, गंगा पायरीशी. लोक माझं सांत्वन करायला आले ते जवळजवळ अभिनंदनच करून गेले. नाना एवढंच म्हणाले, "तिनं ऐकायला हवं होतं डॉक्टरचं." आणि मी त्यांना म्हणाले, "तीच नको म्हणाली." मग ताईला तेच सांगितलं, काकूंना तेच, डॉक्टरला तेच. आता ती गोष्ट ब्रह्मा घाटाची झाली आहे. म्हातारी किती कर्मठ, मशीनला नाही म्हणाली, पक्षात देह ठेवला, असं नव्या सुनांना सांगतात, आणि मी समोर असले तर मान डोलावते. वचपा काढायचा होता तो निघाला. तुझा जीव मी घेतला आणि वर तुझा शब्दही घेतला.

हे कागद कुठे धाडायचे नाहीत. गंगेत सोडायलाही मी उठणार नाही. यात तुला ठाऊक नसलेलं काहीच नाही, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना दाखवायची माझी छाती नाही. रिक्षात मला मत विचारण्याआधी तू हो म्हणाली होतीस. दांडा धरून, हसत म्हणाली होतीस, "बसवून घेते बाई. मला अजून गंमत वाटते गं सगळ्याची."