लाल गाडी आदिनाथलाच

मी, लीलाबाई बजरंग येवले, वय एकसष्ट, राहणार कुसगाव, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. दीर दत्तोबा गावात याच्या उलट सांगत आले, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर आणि पर्यटकांना भाड्याने देत असलेल्या मागच्या खोल्या मुलगा आदिनाथ व मुलगी सारिका यांना समान हिश्श्याने. लग्न होऊन गेली म्हणून सारिकाने हक्क सोडू नये. कोणी हक्कसोडपत्र पुढे केले तर सही करू नये.

२. भाताचे खाचर आदिनाथला. दत्तोबांच्या बाजूचा बांध दरवर्षी नांगरटीला थोडा आमच्याकडे सरकतो. मोजणी करून घ्यावी.

३. माझ्या पाटल्या सारिकाला. बँकेतली ठेव आधी माझ्या आजारपणाला. उरेल ती दोघांची.

४. लाल रंगाची, दोन माणसांची गाडी आदिनाथला. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

ही गाडी आदिनाथने हौसेने जुनी घेतली. तिच्या इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळतो. पावसाळ्यात पवना धरणाच्या बाजूच्या एका साखरपुड्याहून आदिनाथ बापाला घेऊन परतत असताना वळणावर तिची मागची बाजू सुटली, गाडी फिरली आणि झाडावर आदळली. माझे यजमान जागीच गेले. आदिनाथला खरचटलेसुद्धा नाही. दशक्रियेला दत्तोबा सर्वांसमोर म्हणाले, "पोरानं बाप खाल्ला." त्यानंतर आदिनाथ घरात असून नसल्यासारखा झाला. स्टेअरिंगला त्याने हात लावला नाही.

प्यायला होता, भरधाव होता, असे लोक म्हणत. पोलिसांच्या तपासात यातले काही निघाले नाही. मग झाले काय, ते मला समजून घ्यायचे होते. घरची जीप मी पूर्वीपासून चालवते. लाल गाडी दुरुस्त करून घेतली आणि कामशेतच्या पुढे गाड्यांच्या सरावाचा एक खासगी ट्रॅक आहे, तिथे नेली. शिकवणारी स्नेहल माझ्या सारिकापेक्षा लहान. तिने आधी माझे वय विचारले, मग कारण. कारण ऐकून तिने वळणावर पाणी मारून घेतले.

पहिल्याच फेरीत, वळणात घाबरून, मी ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन काढला. मागची बाजू पुढे यायला निघाली. डोंगर, शेड, पुन्हा डोंगर, आणि गाडी उलट्या तोंडाने थांबली. स्नेहल म्हणाली, "मावशी, भीती वाटली की पाय आपोआप वर येतो. सगळ्यांचाच येतो."

एवढेच ऐकायला मी इथवर आले होते, हे मला तेव्हा कळले.

तरी शिकायचे सोडले नाही. पाय हळूहळू सैल करायचा, ब्रेक दाबायचा नाही, मागची बाजू ज्या अंगाला घसरेल त्याच अंगाला स्टेअरिंग वळवायचे. नजर मात्र जायचे आहे तिकडे. कठड्याकडे पाहिले की गाडी कठड्याकडेच जाते. ती सरळ होऊ लागली की स्टेअरिंगही लगेच सरळ, नाहीतर दुसऱ्या बाजूला फेकते. डोक्याला हे लवकर कळले, हातांना फार उशिरा. साडीवर हेल्मेट घातलेला माझा फोटो कोणीतरी गावभर फिरवला आणि मला वेड लागल्याचे ठरले.

मग एकदा आदिनाथला शेजारी बसवले. मी मुद्दाम मागची बाजू सुटू दिली आणि सावरली. पुन्हा सुटू दिली, पुन्हा सावरली. गाडी थांबल्यावर तो समोर बघतच बोलला, "आये, म्या आबांना पट्टा लावा म्हनलं व्हतं. त्यांनी न्हाई लावला."

गेलेल्या बापाला बोल लागू नये म्हणून पोराने हे कोणालाच सांगितले नव्हते.

मी म्हणाले, "ठावं हाय मला. माज्या जीपमंदी तरी कदी लावला त्यांनी?"

त्याला रडू फुटले. मलाही. मग आम्ही जागा बदलल्या. त्याच्याकडूनही गाडी आधी फिरलीच. संध्याकाळपर्यंत ती त्याचे ऐकू लागली. ती त्याने ठेवावी किंवा विकावी, माझी अट नाही.

५. दत्तोबांना मी काही देत नाही. परंतु गेल्या महिन्यात त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनला लोणावळ्याला जायचे होते, तेव्हा ते स्वतः आमच्या दारात आले. गावात गाडी चालवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी आदिनाथलाच विचारले, आणि तो गेला. म्हणून दशक्रियेच्या बोलण्याचा राग मी इथे सोडते. माझ्यामागे घरात कोणी तो पुढे चालवू नये.

६. स्नेहलला काही द्यायचे मनात होते. ती साक्षीदार असल्याने वकिलांनी नको म्हटले.

मजकूर मी वाचला, पटला, मग साक्षीदारांसमोर सही केली.

लीलाबाई बजरंग येवले

साक्षीदार:
१. स्नेहल कडू, कामशेत
२. प्रज्ञेश ओव्हाळ, शेजारी, कुसगाव

ठिकाण: कुसगाव
दिनांक: १२ जानेवारी २०२५