तांबडीच्या तोंडातली लाळ

३ मार्च, सकाळी ७
पशुपालनाचा तीन दिवसांचा कोर्स पूर्ण. सर्टिफिकेट गोठ्यात टांगलं. यापुढे ऊठसूट डॉक्टरांना फोन करायचा नाही, असा नियम केला. बायको म्हणाली, तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलाच नव्हतात. त्या दिवशी फक्त तोंडाचे आजार होते.

५ मार्च
आमची गाय तांबडी, तिच्या तोंडातून लाळेच्या तारा. ओठ सारखे वाजवते. नवी पेंड आवडलेली दिसते. वाढवली.

६ मार्च
पेंडीला तोंड लावत नाही. पोट भरलं असणार. दूध निम्म्यावर. बायको म्हणते, तोंड उघडून बघा. पण लांबून ओळखणं हीच खरी एक्सपर्टची खूण. शिवाय तांबडी शिंगं हलवते.

७ मार्च, दुपारी
शेजारचे मास्तर आले. म्हणाले, गाय तापल्यासारखी वाटते, वेगळी बांधा, माझ्या म्हशी याच हौदावर पाणी पितात. त्यांना समजावलं, अशा शंकांनी शेजारधर्म बिघडतो.

८ मार्च
दुसरी गाय काळी, तिलाही लाळ. म्हणजे दोष पेंडीचाच. माझं निदान ऐंशी टक्के बरोबर ठरलं. बायकोनं मला न विचारता डॉक्टरांना फोन केला. मोठ्या मनानं माफ केलं.

९ मार्च, सकाळी १०
डॉक्टरबाई आल्या. बायकोनं टॉर्च धरला. हिरड्या लालभडक, जिभेवर फोड, काही फुटलेले. खुरांच्या बेचक्यातही तेच. लाळ्या-खुरकूत, म्हणाल्या. औषधाच्या पाण्यानं तोंड कसं धुवायचं ते बायकोला दाखवलं. लाळ दिसली त्याच दिवशी वेगळी बांधायला हवी होती, म्हणाल्या. कधीपासून आहे, असं विचारलं. मी म्हटलं, कालपासून. बायको म्हणाली, पाच तारखेपासून. या वहीतही पाचच आहे, पण वही खासगी आहे.

११ मार्च
मास्तरांच्या दोन्ही म्हशी आजारी. धीर द्यायला गेलो. त्यांनी दार उघडलं नाही. आतूनच म्हणाले, म्हशींचं तोंड कसं धुवायचं ते वहिनींना माहीत आहे, त्यांना पाठवा. माणूस टेन्शनमध्ये आहे. मनावर घेतलं नाही.

१४ मार्च
काळीचं वासरू सकाळी उठलंच नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, लहान वासरांच्या हृदयालाच धरतो हा रोग. बायकोनं मला दोष दिला असता तर उत्तर तयार होतं.
ती मास्तरांच्या म्हशींकडे गेली. जाताना औषधाचं पाणी माझ्या हातात दिलं, म्हणाली, तांबडीचं तोंड आज तुम्ही धुवा.
पहिल्यांदाच उघडून बघितलं. तांबडीनं शिंगं हलवली नाहीत. आत सगळं स्पष्ट दिसत होतं.