बारावी गोळी

प्रति,
मा. शस्त्र परवाना अधिकारी,
परवाना शाखा, दुसरा मजला, खोली क्र. ७

विषय : वीस बोअरच्या बंदुकीची नळी कातून ती बारा बोअरची करण्यास तातडीने मनाई मिळणेबाबत.

संदर्भ : १) कार्यशाळेचा तपासणी अहवाल, दि. १८ फेब्रुवारी
२) आपला आदेश, दि. २७ फेब्रुवारी

महोदय,

संदर्भ क्र. २ च्या आदेशाने अर्जदाराचा बंदूक-दुरुस्तीचा परवाना निलंबित झाला आहे. त्याचे रडगाणे गाण्यासाठी हा अर्ज नाही. येत्या सोमवारी सकाळी एक नळी लेथवर चढणार आहे. ती चढू नये, एवढ्यासाठी आहे.

१. अर्जदार सव्वीस वर्षे एकाच गल्लीत, एकाच उत्तरेच्या खिडकीखाली नळ्या दुरुस्त करीत आला आहे. त्याच्या परवान्यात "बारा बोअरपर्यंत" अशी मर्यादा आहे. तपासणीच्या दिवशी मांडणीवर एक वीस बोअरची बंदूक उभी होती. तपासनीस साहेबांनी नळीवरचा आकडा वाचला, परवाना वाचला आणि म्हणाले, "बाराची परवानगी आणि वीस? चक्क आठ जास्त!"

२. याबाबत सादर करण्यात येते की, बोअर हे नळीच्या रुंदीचे माप नसून गोळ्यांची मोजणी आहे. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोल गोळी घ्यावी. तशा जितक्या गोळ्यांचे मिळून एक पौंड वजन भरते, तो त्या नळीचा बोअर. बारा भरल्या तर बारा, वीस भरल्या तर वीस. एकाच लगडीचे वाटे जितके जास्त, तितका वाटा लहान. वाटणी झालेल्या कोणत्याही भावंडाला हे शिकवावे लागत नाही. सबब वीसची नळी बाराहून अरुंद आहे आणि मर्यादेचा भंग झालेला नाही.

३. त्याच मांडणीवर "४१०" अंकाची एक बंदूक होती. इथे मात्र गोळ्या मोजत नाहीत; नळीचा व्यासच इंचाच्या हजाराव्या भागांत सांगतात. कारागिरांच्या जुन्या मोजणीतला हा एकुलता एक अपवाद. तिच्या नळीत पेन्सिल खुळखुळते, एवढीच ती रुंद. तपासनीस साहेबांनी चारशे दहातून बारा वजा करून पाहिले, कपाळाचा घाम पुसला आणि ती उचलायला चार माणसे बोलावली. अहवालात ती "अवजड शस्त्र" आहे. तिचे वजन सव्वादोन किलो आहे.

४. इथवरचे अज्ञान होते. अज्ञानावर अर्जदाराचा राग नाही. पण साहेबांनी शेजारच्या बाकावरच्या दुसऱ्या कारागिराला विचारले, "तुम्ही जाणकार, तुम्ही सांगा." हा कारागीर म्हणजे अर्जदाराचा सख्खा मेहुणा. एकोणीस वर्षांपूर्वी बायकोच्या शब्दाखातर अर्जदाराने त्याला हाताखाली घेतले. त्याने हातातली कानस खाली ठेवली आणि तो म्हणाला, "साहेब, वीस ते वीसच. दाजींना मी कितीदा म्हटलं, मर्यादेत राहा. पण दाजी ऐकतील तर ना!" खाली सही केली, तीही अर्जदाराच्या पेनाने. नऊ दिवसांनी त्याच कार्यशाळेचा तात्पुरता परवाना त्याच्या नावे निघाला. बायकोने भावाला विचारले, "अरे, हे खरं आहे का?" तो म्हणाला, "ताई, कागदावर खरं आहे."

५. आता मूळ मुद्दा. आपल्या आदेशात पुढे असे आहे की, जप्त बंदुकीचा बोअर "वीसवरून बारापर्यंत कमी करून" ती मालकिणीस परत द्यावी. वीसच्या नळीचा आतला व्यास १५.६ मिलिमीटर आणि बाराचा १८.५. म्हणजे कमी करण्यासाठी नळी रुंद करावी लागेल. चहूबाजूंनी जवळपास दीड मिलिमीटर धातू कातावा लागेल. तोंडाशी नळीच्या भिंतीची जाडी आहे एक मिलिमीटर. एकातून दीड वजा करण्याची विद्या अर्जदाराला अवगत नाही. पुढचा तुकडा कापून टाकला, तरी उरेल ती कागदासारखी नळी; आणि बाराच्या पहिल्याच काडतुसाला ती फाटेल. बंदुकीच्या मालकीणबाई फळबागेतले पक्षी उडवतात. त्यांना एका डोळ्याने कमी दिसते, म्हणून त्या बंदूक गालाला घट्ट लावतात.

हे काम मेहुण्याने लेखी स्वीकारले आहे. नकार द्यायचा तर बारा आणि वीस यांतले मोठे कोण, हे त्याला सांगावे लागले असते.

६. त्याला ठाऊक नव्हते, असे आपणास वाटू शकते. म्हणून हे नमूद करणे भाग आहे. कामावर आल्यावर पहिला महिनाभर तो बारा बोअरच्या गोळ्या ओतत होता. अकरा अर्जदाराच्या आणि एक त्याची, अशा तराजूत घालून पाहायच्या. काटा हलला की गोळी परत वितळवायची. अखेर एक बरोबर उतरली. अर्जदाराने ती त्यालाच दिली. त्याने ती तारेच्या जाळीत बसवून कार्यशाळेच्या किल्ल्यांना लावली. भोक पाडले नाही. तेव्हा म्हणाला होता, "भोक पाडलं तर वजन घटेल, दाजी. मग ती बाराची राहायची नाही."

तपासणीच्या दिवशी साहेबांनी किल्ल्या मागितल्या. मेहुण्याने त्या देण्याआधी भिंतीकडे तोंड करून ती गोळी काढून घेतली आणि खिशात टाकली. अर्जदाराने ते पाहिले.

सबब विनंती की, सोमवारचे काम थांबवावे आणि आपल्या समक्ष, आपल्या टेबलावर तराजू मांडावा. परवान्याचा निर्णय नंतर केव्हाही करावा. तो मेहुण्याकडेच राहिला तरी अर्जदाराची तक्रार नाही. मात्र त्या दिवशी मेहुण्यास जातीने हजर राहण्यास सांगावे. सोबत गोळ्या अकराच जोडल्या आहेत. त्यांवर पौंडाचे वजन तोलले जाणार नाही. बारावी त्याने स्वतःच्या हाताने पारड्यात टाकावी.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,

(सही)
नळी-कारागीर, परवाना निलंबित
दि. ६ मार्च, शुक्रवार

सोबत :
१) तराजू व एक पौंडाचे वजन
२) बारा बोअरच्या शिशाच्या गोळ्या, नग अकरा
३) वीस बोअरच्या गोळ्या, नग वीस (शेजारी ठेवून पाहण्यासाठी)