हरिश्चंद्रासाठी डबल काच

१२ जुलै १९८६, सकाळी
खिडकी बसली. मिरजोळ्याला आमच्या कंपनीत साहेबांच्या एसी केबिनला आहे तशी, डबल काच! बाहेरचं सगळं दिसतं, आवाज येत नाही. थोरला भाऊ हरिश्चंद्र सहा वर्षं माझ्याशी बोलत नाही, पण मला ऐकू जाईल असा अंगणात उभा राहून खाकरतो. आता खाकर म्हणावं. चौकट बांधावरच्या फणसाची. ज्याच्यावरून भांडण, तोच फणस. हरिश्चंद्र गणपतीपुळ्याला गेला त्या दिवशी पाडला. मोरू सुतार म्हणत होता, लाकूड वलं हाय, दिवाळीपर्यंत वाळू दे. सुताराचं ऐकून सूड घेता येत नाही. बसवायच्या आधी काचा मधल्या बाजूने मी स्वतः पुसल्या, ओल्या फडक्याने.

१५ जुलै
दोन काचांच्या मधे वाफ धरली. बाहेरून पुसलं, आतून पुसलं. हरिश्चंद्र दिसतच नाही. मोरूला त्यानेच फितवलं असणार. मोरू या घराची पायरी चढणार नाही.

१९ जुलै
आत पाणी साचलं. पलीकडे हरिश्चंद्र काहीतरी करतोय. दिसत नाही म्हणजे नक्कीच करतोय. माझी बायको यमुना म्हणते, दार उघडून बघा की. तिला तत्त्व कळत नाही.

२० जुलै, रविवार
उपाय सापडला! मिठाच्या बरणीत तांदूळ टाकले की मीठ कोरडं राहतं. शास्त्र आहे. यमुना तांदूळ देईना. पेरणीतलं उरलेलं भात घेतलं. टरफलासकट, म्हणजे तेही डबल. गिरमिटाने चौकटीला वरून भोक पाडलं, कागदाच्या नळीतून शेरभर सोडलं, भोक काचेला लावायच्या लांबीने बुजवलं. आठवड्यात काच लख्ख. मग हरिश्चंद्राकडे बघून हसणार.

२४ जुलै
भात फुगलं. काम करतंय.

२७ जुलै
मोड.

१ ऑगस्ट
चार बोटं हिरवं. मोरूवर तक्रारअर्ज लिहिला. कोणत्या खात्याकडे धाडावा? यमुना म्हणाली, शेतकी. आणि हसली.

३ ऑगस्ट, संध्याकाळी
भाताने पाणी प्यायलं असावं, वरच्या बाजूला काच थोडी साफ झाली. तेवढ्यातून हरिश्चंद्राचं तोंड दिसलं. नाक काचेला लावून बघत होता. ओठ हलले. सहा वर्षांत पहिल्यांदा! ऐकू काही येईना. उघडायला गेलो, तर लाकूड फुगून घट्ट. सहा वर्षं पाठ केलेली उत्तरं जिभेवर. एवढ्यात यमुना पडवीतून सांगत आली, भावजी इचारतायत, कापनीला मानसं किती लागतील?

धावत अंगणात गेलो. तो पावसात उभा, फणसाच्या खुंटाकडे बघत.

म्हणालो, दादा, तू एकटा आलास तरी पुरे.

तो खाकरला.