नऊ म्हातारे आणि एक हरकत

प्रिय आत्या,

तुला साष्टांग नमस्कार. (पत्रातून घातलेला बरा, कंबर धरत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी तू माळ्यावरून खोकं उतरवलंस, असं बाबांकडून कळलं. वर ते म्हणाले, "माझं ती ऐकत नाही, तू सांग." जणू माझं ऐकतेस! तरी सांगते, माळ्यावर चढू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. आईचा खोकला थांबला. माझं डोकं तेवढं जागेवर नाही, आणि त्याला कारण तुझी लायब्ररी आहे.

निवृत्त होताना तू मला दोन गोष्टी दिल्यास, एक करकरणारी खुर्ची आणि एक तारखा छापणारी लायब्ररी. खुर्चीचं तेलावर भागलं. लायब्ररीचं भागेना. (हे पत्र बाबा आणून देणार, म्हणजे वाटेत वाचणारच, म्हणून त्यांच्यासाठी खुलासा: लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, इतर प्रोग्रॅमना आयता वापरता येणारा तयार कोड. तो आम्ही सी भाषेत लिहितो, ते यंत्राला कळत नाही, कंपायलर नावाचा दुभाषा ते त्याला समजावतो. हेडर फाइल म्हणजे त्या दुभाष्याच्या हाती पहिल्यांदा पडणारं पान. आत्याच्या काळात असे अकरा दुभाषे होते आणि प्रत्येकाचा हट्ट वेगळा. म्हणून तिने 'तू अमका असशील तर हे वाच, तमका असशील तर ते' अशा अटी लिहून ठेवल्या. त्यातले नऊ आता कोणी वापरत नाही. पाहुणे यायचे थांबले, पण त्यांची पथ्याची ताटं आम्ही अजून रोज वाढतोय. बाबा, आता पाकीट बंद करा.)

तर साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, हे हेडर नव्या यंत्रांवर चालत नाही, महिनाअखेर साफ झालं नाही तर ही लायब्ररी बंद, बाहेरची तयार घेऊ. तुझं सत्तावीस वर्षांचं काम असं चहाच्या कपात बिस्किट बुडवता बुडवता मोडीत काढलं त्यांनी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथेच सांगितलं, साफ करून दाखवते. नऊच्या नऊ म्हाताऱ्यांना निरोप दिल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही. (जेवायला उठले. पण लगेच परत बसले.)

पहिल्या दिवशी सहा म्हातारे काढले. सगळ्या चाचण्या पास. मी कॉलर ताठ करून साहेबांना दाखवून आले. मग शेजारच्या टेबलावरचे चाचणीवाले काका (तेच, दोन चष्मे लावणारे) म्हणाले, "पास झाल्या खऱ्या, पण चालल्या किती?" पाहिलं तर शून्य. एक अट जिथे संपते तिथली खूण मी चुकून उडवली होती, त्यामुळे खालची अख्खी लायब्ररी त्या अटीच्या पोटात गडप झाली होती. तपासायला काही उरलंच नव्हतं, मग नापास कोण होणार? साहेबांकडे परत जाऊन हे सांगताना माझा चेहरा कसा झाला असेल, याची कल्पना कर आणि हसून घे.

दुसऱ्या दिवशी सातवा काढला आणि आमचा सगळ्यात नवा कोरा कंपायलर आडवा झाला. का, तर तो स्वतःची ओळख सातव्याच्याच नावाने करून देतो! सातव्यासाठी लिहिलेले जुने प्रोग्रॅम आपल्यालाही वाचता यावेत म्हणून म्हणे. म्हाताऱ्याला दारातून घालवला तर त्याचा नातूही पिशवी उचलून चालू लागला. नातवाला समजावून परत बसवण्यात आठवडा गेला. पण बसवला. आठवा आणि नववाही काढले, आणि चाचणी आवृत्ती वापरणाऱ्यांना पाठवून दिली, तुला नेहमीची चकतीही. त्याआधी तुझा नियम पाळला होता बरं. फाइलच्या माथ्यावर तूच लिहिलं आहेस, वापरणाऱ्या एकाचीही हरकत असेल तर त्याचा कंपायलर काढू नये. हे म्हातारे कधीतरी काढायचेच होते, म्हणून साहेबांनी बोलावण्याच्या आधीपासूनच मी सहा महिने सूचना लावून ठेवली होती. कोणी हूं की चूं केलं नाही.

आणि काल टपालाने हरकत आली. ईमेलने नाही, टपालाने! सही नाही, पत्ता नाही. कडेला भोकांची पट्टी असलेल्या कागदावर, टकटक करणाऱ्या प्रिंटरवर छापलेली तारीख आणि दोन ओळी: "नववा कंपायलर मी वापरते. नियम वाचा." साहेब म्हणाले, नियम म्हणजे नियम, आता घेऊ बाहेरची. उद्या-परवा ते तसं लिहूनही पाठवतील. आत्या, आता तूच सांग, अशा खडूस बाईचं करायचं काय? लायब्ररी वाचवायला निघाले आणि हिने नेमका पाय आडवा घातला. मी मात्र मागे हटणार नाही. जुन्या माणसांशी कसं बोलावं हे तुला जास्त कळतं, म्हणून विचारते.

गुडघ्याला जप.

तुझी,
भाची

ता. क. हरकतीवरच्या तारखेत दिवस आणि महिना यांच्यामध्ये दोन मोकळ्या जागा आहेत. तशा फक्त नवव्या कंपायलरसाठीच्या ओळी सोडतात. माझ्या वाढदिवसाला तू छापून पाठवतेस त्या प्रत्येक पत्रावरही त्या आहेत. लहानपणी मी त्यात बोट ठेवून पाहायचे. माळ्यावरच्या खोक्यात कुठला कागद होता, तेही आता कळलं. दर आवृत्तीची चकती तू आठवण म्हणून मागतेस असं मला वाटायचं. आत्या, मला वाईट वाटलं गं. फोन करायचास ना.

ता. क. २. रविवारी येते. नवा कंपायलर आणते, तुझा पत्रं छापणारा प्रोग्रॅम त्याच्यावर बसवून देते. दोन मोकळ्या जागा तशाच राहतील, ती जबाबदारी माझी. तू फक्त "हरकत मागे घेते" एवढं लिहून दे. सहीसकट.

ता. क. ३. नवव्यासाठीच्या ओळींवर तुझीच टीप आहे, सत्तावीस वर्षांपूर्वीची: "तात्पुरते. पुढच्या महिन्यात काढून टाकणे." आत्या, तो पुढचा महिना याच रविवारी संपतो.