तुरीचा धागा

मंगळवार, संध्याकाळ
कलबुर्गी, होस्टेल

आज प्रयोगशाळेत तुरीतून डीएनए काढला. गावाकडून, निंबर्ग्याहून आणलेली बियाण्याची तूर. किडू नये म्हणून आईनं तिला लाल माती लावलेली, ती धुवायचीच राहिली. पहिल्यांदा नुसता गढूळ काला झाला, वर्गातल्या सगळ्या हसल्या. मग दुसरी मूठ चोळून धुतली, वाटून साबण-मिठाच्या पाण्यात कालवली, आणि गाळून ओतलेल्या गार अल्कोहोलमध्ये पांढरा धागा अलगद वर आला. एवढ्याशा धाग्यात पान, फूल, शेंग, सगळं?

आईला फोन करून धाग्याचं सांगितलं.
"त्यो पेरला तर उगवतोय व्हय गं?"
"न्हाई आई."
"मग कामून काढलास?"

सगळं त्यातच आहे, तरी नुसता धागा उगवत नाही. बी उगवतं. कसं?

मूठभर तूर उरलीय. घुगऱ्या करणार होते. आता शिजवायला मन धजत नाही.